चढाला पहिला, चिखलाला दुसरा

वसई गावातून पापडी, निर्मळ, आगाशी करत अर्नाळ्यापर्यंत मोटारसायकल नेली, तर वाटेत एकही डोंगर लागत नाही. वसई पश्चिमेला चढ म्हणजे रेल्वेवरचे पूल, बाकी सगळी सपाटी. तरीही या रस्त्यावर गाडी टॉप गियरमध्ये टाकून निवांत बसता येत नाही. वाडीच्या कुंपणाला चिकटून रस्ता काटकोनात वळतो. वळणावर क्रूस किंवा देऊळ असतं, पुढे विहीर, मग मोरी, मग समोरून केळीचे घड लादलेला टेम्पो. चालवणाऱ्याचा पाय आणि हात सतत काम करत राहतात. वसईकरांच्या दुचाकीचा इतिहास सांगायचा तर कंपन्यांची आणि मॉडेलांची यादी पुरत नाही. कोणत्या जागी, किती ओझं घेऊन, कोणता गियर टाकायचा हे लोक कसे शिकले, तोही या इतिहासाचा भाग आहे. तो फारसा लिहिला गेलेला नाही, आणि तो लिहायला हवा.

या जमिनीचे तीन तुकडे आहेत. पश्चिमेला वाड्यांची आणि पुळणीची पट्टी. मध्ये रेल्वे आणि तिच्या दोन्ही अंगांना वाढलेलं शहर. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, चिंचोटी, कामण आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग. दक्षिणेला खाडी आडवी येते. रेल्वेने ती एकोणिसाव्या शतकातच ओलांडली आणि एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकल धावू लागली. त्यामुळे वसईचा भाजीपाला, फुलं, मासळी, केळी यांचा मोठा प्रवास पिढ्यानपिढ्या गाडीच्या डब्यातूनच झाला. रस्त्यावरचं वाहन लागायचं ते घरापासून स्टेशनापर्यंत. हे काम बैलगाडी, टांगा आणि सायकल करत. पेट्रोलवर चालणारी दुचाकी वसईत आली ती याच कामाला जोडली गेली, म्हणून तिच्याकडून पहिल्यापासून ओझ्याची अपेक्षा होती.

मुळात मोटारसायकलला गियर नव्हतेच. १८९४ मध्ये जर्मनीत विक्रीला आलेल्या हिल्डेब्रांड उंड वोल्फम्युलर या गाडीत इंजिनाचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते. इंजिन जेवढं फिरेल तेवढंच चाक फिरणार. सपाट रस्त्यावर हे चाललं, चढ आला की चालवणारा उतरून ढकलू लागला. अडचण इंजिनाच्या स्वभावात होती. इंजिन अगदी सावकाश फिरत असताना जोर देऊ शकत नाही, आणि गाडी जागेवरून हलताना तर जोरच हवा असतो. दातेरी चक्रांची जोडी मध्ये घातली की इंजिन भराभर फिरतं, चाक हळू फिरतं आणि जोर वाढतो. हा झाला पहिला गियर. गाडीने वेग पकडला की लहान-मोठ्या चक्रांचं प्रमाण बदलत जायचं. इंग्लंडच्या स्कॉट कंपनीने १९०८ मध्ये दोन गियरांची मोटारसायकल विकायला काढली. पुढची बरीच वर्षं गियरचा दांडा पेट्रोलच्या टाकीशेजारी असे आणि तो बदलताना एक हात हँडलवरून काढावा लागे. पायाने एक ठोका दिला की नेमका एकच गियर बदलेल, अशी रचना व्हेलोसेट कंपनीच्या हॅरल्ड विलिस यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस केली. दोन्ही हात हँडलवर राहिले. आजची जवळपास प्रत्येक गियरची मोटारसायकल त्या ठोक्यावर चालते.

भारतात हा ठोका उजव्या पायाने शिकला गेला, कारण बुलेट. लष्करासाठी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या गेल्या, आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडियाची स्थापना झाली. ब्रिटिश पद्धतीप्रमाणे तिचा गियर उजवीकडे आणि मागचा ब्रेक डावीकडे. पहिला गियर पाय वर उचलून, पुढचे तीन खाली दाबून. टाचेजवळ आणखी एक छोटा दांडा असे, न्यूट्रल शोधण्यासाठी. सिग्नलला थांबताना कोणत्याही वरच्या गियरमधून टाचेने तो दाबला की गाडी न्यूट्रलमध्ये. बुलेटवाल्याचं हे टाचेचं कौशल्य पाहण्यासारखं असायचं. गाडी थांबायच्या आत ती हालचाल पूर्ण व्हायला हवी, आणि ती व्हायचीच.

जावाची तऱ्हा निराळी. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा उभी केली आणि १९६१ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यात गियरचा दांडा आणि किक एकच होती. दांडा आत दाबून मागे फिरवला की किक, मारून झाली की परत पुढे आणून गियर. शिवाय गियर बदलताना हा दांडाच क्लचही सोडवत असे, त्यामुळे सरावलेला माणूस क्लचला हात न लावता गियर टाकू शकायचा. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत मूळच्या पोलिश गाडीवरून आलेली. तिच्या १७५ सीसीच्या गाडीला तीनच गियर. तीन गियरांत दोन गियरांमधलं अंतर मोठं असतं. दुसऱ्यात इंजिन ओरडू लागावं आणि तिसरा टाकताच दबून जावं, अशी वेळ ओझ्याच्या गाडीवर हमखास येते. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून महाराष्ट्रभर फिरलेल्या राजदूतवाल्यांनी त्यावरचा उपाय रस्त्यावरच शोधला. दुसऱ्या गियरमध्ये गाडी जरा जास्त ताणायची आणि मगच तिसरा टाकायचा.

मराठी मध्यमवर्गाच्या अंगणात मात्र मोटारसायकलआधी स्कूटर आली. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया लॅम्ब्रेटा जुळवत होती. बजाजने १९४८ पासून वेस्पा आयात केल्या, मग १९५९ मध्ये त्या इथे बनवण्याचा परवाना मिळवला. इटलीच्या पियाज्योशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीहून चेतक आली. बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबणं ही तेव्हाची रीत होती. स्कूटरचा नंबर लागला की घरी पेढे वाटले जात.

स्कूटरचे चारही गियर डाव्या मुठीत. क्लच दाबायचा, मूठ फिरवायची आणि मुठीवरचा आकडा खुणेसमोर आणायचा. पाहायला सोपं, पण मुठीपासून गियरपेटीपर्यंत दोन तारा गेलेल्या असत आणि सगळा खेळ त्यांच्या ताणावर. तार सैल झाली की मूठ ‘दोन’ दाखवायची आणि गाडी तिसऱ्यात असायची. वसईसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस या तारांना सोडत नसत. गंज चढला की मूठ जड व्हायची, पुढे कधीतरी तार तुटायची आणि गाडी त्याच गियरमध्ये अडकायची. म्हणून डिकीत जादा तारा ठेवणारे स्कूटरवाले शहाणे समजले जात. तार बदलून तिचा ताण नेमका लावणारा मेकॅनिक स्क्रू फिरवता फिरवता आकड्याकडे पाहतही नसे. मूठ फिरवून चाकाचा आवाज ऐकायचा आणि गियर बरोबर पडतोय की नाही ते सांगायचा. ही विद्या कोणत्याही पुस्तकात शिकवली गेली नाही. ती गॅरेजच्या पायरीवर बसून पोरांनी उचलली.

खरी परीक्षा होती ती खाडीपलीकडे. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात. लायसन्स, गाडीची नोंदणी, कोर्टकचेरी, सगळी कामं ठाण्याला. वसईच्या गाड्यांवर एमएच-०४ चा नंबर असायचा तो त्यामुळेच. लोकलने दादरमार्गे जाता यायचं, पण ज्याच्याकडे दुचाकी होती तो महामार्गाने निघायचा. वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडून डावीकडे घोडबंदर रस्ता धरायचा. त्या रस्त्यावर गायमुखचा घाट येतो. सह्याद्रीतल्या मोठ्या घाटांच्या मानाने तो छोटा आहे. पण सपाटीवर गाडी चालवायला शिकलेल्या वसईकराला, मागे बायको आणि पुढे मूल उभं असताना, तोच घाट पुष्कळ वाटायचा.

चढावर काय करायचं ते लवकर कळतं, कारण चूक गाडीच दाखवते. टॉपमध्ये चढ घेतला की इंजिन दबतं, धक्के देतं, मग बंद पडतं. वेग पूर्ण गेल्यावर गियर उतरवणं उपयोगाचं नाही. चढ दिसताच, गाडीत जोर असतानाच एक गियर खाली यावं लागतं. हे दोन खेपांत अंगवळणी पडायचं. उतारावरची गोष्ट जास्त अवघड होती, आणि तिचं कारण टू-स्ट्रोक इंजिनात होतं.

चेतक, लॅम्ब्रेटा, जावा, राजदूत या सगळ्या टू-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनाला तेल मिळायचं ते पेट्रोलात मिसळलेलं. पंपावर पेट्रोल भरताना ठरलेल्या मापाने टू-टी ऑइल घालायचं, ते पेट्रोलाबरोबर आत जाऊन पिस्टनला वंगण देई. आता लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद केला आणि गाडी गियरमध्ये ठेवली, तर चाक इंजिनाला जोरात फिरवत राहतं, पण आत पेट्रोल जात नाही, म्हणजे तेलही जात नाही. पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि सिलिंडरला धरतो. ‘इंजिन जाम झालं’ म्हणतात ते हेच. चाक एकदम थांबतं. उलट, इंजिन वाचवायला क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडली, तर सगळा भार ब्रेकवर. त्या काळच्या ड्रम ब्रेकांना दोन माणसांचं आणि सामानाचं ओझं घेऊन लांब उतार पेलत नसे. ते तापत आणि पकड सोडत. पावसात ओले झाले तर मुळातच धरत नसत.

मग मार्ग कोणता? जाणत्यांनी मधला काढला. उतार सुरू व्हायच्या आधी दुसरा किंवा तिसरा गियर टाकायचा, मागचा ब्रेक हलका लावत राहायचा आणि अधूनमधून ॲक्सिलरेटरला थोडी पिळी द्यायची, म्हणजे तेलाचा एक घोट आत जातो. उतारावर ‘रेस’ देणं बाहेरून पाहणाऱ्याला वेडेपणा वाटेल. त्यामागे यंत्राची पूर्ण समज होती. इंजिनिअरिंगचं शिक्षण नसलेल्या हजारो लोकांनी ती समज आपल्या हातात बाणवली. महाराष्ट्राच्या रस्त्यांच्या इतिहासात या समजुतीला मानाची जागा मिळायला हवी.

ओझ्याच्या कामात पुढे एक छोटी गाडी फार मोठी ठरली. बजाजने १९८१ मध्ये एम-५० आणली आणि तिच्यामागून एम-८०. मोठी चाकं, हलका सांगाडा, मुठीतले तीन गियर. दूधवाले, पाववाले, मासळीवाले, भाजीवाले यांनी ती महाराष्ट्रभर उचलून धरली. कंपनीने कल्पना केली नसेल एवढं सामान तिच्यावर लादलं गेलं. तिचा पहिला गियर इतका जोरकस होता की गाडी सावकाश का होईना, पण निघायचीच.

पाऊस सुरू झाला की वाड्यांमधल्या मातीच्या वाटांवर नियम उलटा होतो. ओल्या चिखलात किंवा पुळणीच्या वाळूत पहिला गियर घातला की जोर जास्त होतो, मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. तिथे दुसऱ्या गियरमध्ये, क्लच अर्धा सोडून, ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवून निघायचं. चाकाला कमी जोर मिळतो म्हणूनच ते पकडतं. रस्त्यावर पाणी तुंबलं असेल तर मात्र पुन्हा पहिला गियर. इंजिन एकसारखं फिरतं ठेवायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, म्हणजे सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर पाण्याला आत शिरू देत नाही. मध्येच गियर बदलायला गेलं की ती सलगता तुटते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या, मिठागरांतल्या वस्तीला पाण्याने वेढलं, तेव्हा रस्त्यांवर बंद पडलेल्या दुचाकी ढकलत नेणारी माणसं जागोजागी दिसत होती. गाडी पाण्यात बंद पडली तर किक मारायची नाही, हेही त्याच पाठातलं पुढचं वाक्य.

जपानी शंभर सीसीच्या गाड्यांनी हा सगळा अभ्यासक्रम बदलला. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी-१०० आणि यामाहा आरएक्स-१००, १९८६ मध्ये आकुर्डीचीच कावासाकी बजाज. गियर डाव्या पायाकडे गेला, ब्रेक उजव्या पायाकडे. अमेरिकेने १९७०च्या दशकाच्या मध्यात डावीकडचा गियर नियमाने बांधून टाकला होता आणि जग त्याच बाजूला सरकत होतं. बुलेटवर वाढलेल्या माणसाच्या पायाला हा बदल जड गेला. अचानक कुत्रं आडवं आलं की त्याचा डावा पाय सवयीने ब्रेक शोधायचा आणि सापडायचा गियर. एनफील्डनेही पुढे, २००० नंतर, गियर डावीकडे आणला आणि उजव्या पायाची ती पिढी हळूहळू संपली.

सीडी-१०० फोर-स्ट्रोक होती. तेल इंजिनात वेगळं, पेट्रोलात मिसळायचं नाही. त्यामुळे उतारावर खालच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर बंद करून इंजिनाच्या रोधावर गाडी उतरवणं सुरक्षित झालं. गायमुखचा उतार खऱ्या अर्थाने सोपा झाला तो तेव्हा. पण या गाड्यांनी एक वाईट सवयही लावली. लिटरला ८० किलोमीटरची जाहिरात ऐकून लोक गाडी हलताच टॉपमध्ये टाकू लागले. पंचवीसच्या वेगाला चौथा गियर, इंजिन ठकठक करतंय, आणि चालवणाऱ्याला वाटतंय पेट्रोल वाचतंय. वाचत नाही. दबलेल्या इंजिनाला ॲक्सिलरेटर जास्त पिळावा लागतो. कंपन्यांनी स्पीडोमीटरच्या तबकडीवर एक, दोन, तीन, चार असे पट्टे छापून कोणत्या गियरला किती वेग ते दाखवलं होतं. ते पट्टे वाचण्याची तसदी थोड्यांनीच घेतली.

याच्याच शेजारी गियर नसलेल्या गाड्यांची वाट वाढत होती. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये अहमदनगरहून लूना आणली, १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि २००१ च्या सुमारास होंडाची ॲक्टिव्हा. या शेवटच्या दोघींत पट्टा आणि सरकत्या पुलीने प्रमाण आपोआप बदलतं, चालवणाऱ्याने फक्त ॲक्सिलरेटर पिळायचा. शिक्षिका, परिचारिका, बँकेत नोकरी करणाऱ्या स्त्रिया स्वतःच्या गाडीवर स्टेशन गाठू लागल्या, ते या गाड्यांमुळे. साडी नेसून पायाने गियर बदलण्याची कसरत ज्यांना करावी लागली नाही, त्यांच्या दृष्टीने हा बदल मोठाच होता, आणि त्याला कौशल्याचा ऱ्हास म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे. बजाजने २००९ मध्ये स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं. चेतक परत आली ती २०२० मध्ये, विजेवर चालणारी, बदलायच्या गियरांशिवाय. मुठीतले चार आकडे गेले.

वसईची जमीन मात्र तीच आहे. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, गाड्यांवर एमएच-४८ आलं, ठाण्याची वारी सुटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली आणि दुचाकी बोटीवर चढवून खाडी पार करता येऊ लागली. तिथे जेट्टीवरून बोटीच्या फळीवर गाडी घेताना पुन्हा पहिला गियर आणि अर्धा क्लच. महामार्गावर वर्सोवा पुलाच्या अलीकडे कोंडीत अडकलेला दुचाकीवाला तासभर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्येच असतो, क्लच धरून हात भरून येतो. बिनगियरची गाडी तिथे सुखाची. कामण-भिवंडी रस्त्याच्या खड्ड्यांत, मागे सामान असताना, गियरची गाडी आजही भरवशाची.

कायद्यानेही ही विभागणी मान्य केलेली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात लायसन्सच्या वर्गवारीत गियरची मोटारसायकल आणि बिनगियरची मोटारसायकल असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला पंधरावा नियम तर वाचण्यासारखा आहे. चाचणीत उमेदवाराला काय जमलं पाहिजे ते त्यात लिहिलं आहे: रहदारीनुसार टॉप गियरमधून सफाईने खालच्या गियरवर येणं, उतारावर झटकन गियर उतरवणं, आणि खड्या चढावर गाडी थांबवून ती मागे न घसरू देता पुन्हा सुरू करणं. गायमुखच्या घाटाने वसईकरांना जे शिकवलं ते नेमकं हेच. प्रत्यक्षात दुचाकीची चाचणी सपाट मैदानावर आठचा आकडा काढून होते, आणि आठचा आकडा पहिल्या गियरमध्येच काढला जातो. दुसरा गियर कसा पडतो हे तपासायला तिथे जागाच नसते. नियम छापलेला आहे, त्याला लागणारा एक उताराचा रस्ता चाचणीच्या मैदानात बांधणं अवघड नाही. पावसाळ्यात कामणच्या रस्त्याला लागणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाची आणि मुलीची ती परीक्षा आधीच, कोणाच्या तरी देखरेखीखाली, झालेली असायला हवी.